कोच गेला, पुढे कोण? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलगा पेन स्टेट विद्यापीठात एम.एस. करतो. तिथल्या फुटबॉल कोचला हंगामाच्या मध्यावर काढलं आणि त्याला जवळजवळ पाच कोटी डॉलर द्यावे लागणार, असं वाचलं. हे पैसे आमच्या फीमधून जातात का? (एक पालक, पुणे)

नाही. पेन स्टेटचा क्रीडा विभाग तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणग्या यांच्यावर चालतो. लहान विद्यापीठांत मात्र फीच्या पावतीवर खेळांसाठीची वेगळी ओळ असते. तिथे प्रवेश घेताना ती जरूर बघावी.

आणि ते पाच कोटी प्रत्यक्षात गेलेच नाहीत. जेम्स फ्रँकलिन यांना १२ ऑक्टोबर २०२५ ला काढलं, नोव्हेंबरात त्यांना व्हर्जिनिया टेकने घेतलं, आणि पेन स्टेटशी हिशेब ९० लाख डॉलरवर मिटला. ही सगळी करामत करारातल्या 'मिटिगेशन' कलमाची. काढलेल्या कोचने नवी नोकरी शोधायची, आणि तिथे मिळणारा पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा करायचा. बातमीत छापून येतो तो जास्तीत जास्त आकडा.

हे कलम नसलं की काय होतं, ते टेक्सस ए अँड एममध्ये दिसलं. तिथले कोच जिम्बो फिशर यांचा करार २०२१ मध्ये २०३१ पर्यंत वाढवला, रक्कम पूर्ण हमीची आणि वजावट शून्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं तेव्हा देणं निघालं साडेसात कोटी डॉलरच्या वर. फिशर यांनी उद्या दुसरीकडे नोकरी धरली तरी हप्ते चालूच. इतकी घाई करून करार वाढवायचं कारण काय होतं, हे आम्हाला आजही उमगलेलं नाही.

मग एखाद्या कोचला काढायला नेमका किती खर्च येईल, याचा अंदाज घरबसल्या कसा बांधायचा? (ह्यूस्टन)

सरकारी विद्यापीठांचे करार बहुतेक राज्यांत माहितीच्या कायद्याखाली मिळतात, आणि 'यूएसए टुडे' दरवर्षी कोचांच्या पगारांची यादी छापतं. नोत्र डेम, ड्यूक यांसारख्या खासगी संस्थांवर करार दाखवण्याचं बंधन नाही, त्यामुळे तिथले आकडे सूत्रांच्या हवाल्याने येतात. ते तेवढ्याच विश्वासाने घ्यावेत.

करार हातात आला की चार गोष्टी शोधा: वर्षं किती उरली, उरलेल्या पगारातला किती टक्के हमीचा, पैसे एकरकमी की मासिक, आणि वजावट आहे की नाही. समजा पगार वर्षाला ८० लाख डॉलर, वर्षं ४, हमी ७५ टक्के. एकूण ३ कोटी २० लाख, त्यातले हमीचे २ कोटी ४० लाख, म्हणजे ४८ महिने दरमहा ५ लाख. वजावट असेल आणि त्याने वर्षाला २० लाखांवर कोऑर्डिनेटरची (मुख्य कोचच्या हाताखालची) नोकरी धरली, तर चार वर्षांत ८० लाख सुटतात. उरले १ कोटी ६० लाख.

इथे एक खोच असते. नवीन मालक पहिली दोन वर्षं मुद्दाम कमी पगार लावतो, म्हणजे तोटा जुन्याचा. चांगल्या वकिलाने लिहिलेल्या करारात म्हणून 'बाजारभावाप्रमाणे पगार' अशी अट असते.

लोक हमखास विसरतात ते पुढचं. सहायक कोचांचेही एक-दोन वर्षांचे करार उरलेले असतात, ते फेडावे लागतात. आणि जो नवा येणार, तो स्वतःच्या जुन्या विद्यापीठाला सोडण्याची रक्कम देणं लागतो. ती बहुतेक वेळा नवं विद्यापीठच भरतं. ही रक्कम करारातल्या ठराविक तारखेला एकदम कमी होते. म्हणून जुळलेली सोयरीकसुद्धा कधी कधी त्या तारखेपर्यंत 'बोलणी चालू आहेत' म्हणून लांबवली जाते.

ओहायो स्टेटचे मुख्य कोच रायन डे एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेले तर त्यांच्या जागी कोण? आमच्या गटात यावरून रोज वाद होतात. (कोलंबस)

२०२५ च्या हंगामाअखेरचं चित्र धरून बोलू. डे यांनी २०१५ आणि २०१६ मध्ये एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) कोचचं काम केलंय, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही. पण आधी तारीख ठरवा. एनएफएलमधल्या जागा जानेवारीत रिकाम्या होतात, आणि तोवर कॉलेजमधले बहुतेक कोच आपापल्या जागी पक्के झालेले असतात. डिसेंबरची यादी आणि जानेवारीची यादी एक नसते.

आता माणसं. घरातल्याला बढती देण्याची प्रथा तिथे आहे. डे स्वतः २०१८ च्या पहिल्या तीन सामन्यांना तेव्हाचे मुख्य कोच अर्बन मायर यांच्या जागी उभे होते, आणि हंगामानंतर कायम झाले. पण घरातलं ठळक नाव ब्रायन हार्टलाइन डिसेंबर २०२५ मध्ये साउथ फ्लोरिडाचे मुख्य कोच झाले. बाहेर बघायचं तर नोत्र डेमचे मुख्य कोच मार्कस फ्रीमन. ते ओहायो स्टेटकडूनच खेळले, आणि त्यांच्या नोत्र डेमने २० जानेवारी २०२५ ला अंतिम सामना गाठला, तोही ओहायो स्टेटविरुद्धच. विस्कॉन्सिनचे ल्यूक फिकेलही तिथलेच जुने खेळाडू, पण सध्याच्या निकालांवर त्यांचं नाव पुढे सरकणार नाही.

आमचं मत विचाराल तर पहिला फोन फ्रीमन यांनाच जाईल. ते 'हो' म्हणतील का, ही गोष्ट वेगळी. आणि म्हणालेच, तर वाद नोत्र डेमवर सरकतो. २०२१ मध्ये ब्रायन केली नोत्र डेम सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेले तेव्हा फ्रीमन यांना काही दिवसांत आतूनच वर घेतलं होतं.

एक जागा हलली की रांग कशी हलते, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. १० तारखेला निक सेबन अलाबामातून निवृत्त झाले, तिथे वॉशिंग्टनहून केलन डीबोर आले, वॉशिंग्टनला ॲरिझोनाचे जेड फिश, ॲरिझोनाला सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. सगळं आठवडाभरात. तुमच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'याच्या जागी कोण' हा रकाना हवाच. तो भरता येत नसेल तर ती निव्वळ इच्छा आहे.

पेन स्टेटसाठी कितीतरी नावं आली, त्यातलं एकही खरं का ठरलं नाही? (कोलंबसहूनच)

एजंटांमुळे. आपल्या कोचचा पगार वाढावा म्हणून ते त्याचं नाव चर्चेत सोडतात. जागा रिकामी झाली १२ ऑक्टोबरला, आणि इंडियानाच्या कर्ट सिग्नेटींना त्याच आठवड्यात नवा करार मिळाला. नेब्रास्काच्या मॅट रूल यांचा महिना संपता संपता वाढला. डिसेंबरमध्ये बीवाययूचे (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे) कलानी सिताके बोलणी होऊनही राहिले. शेवटी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल आले, तोवर हायस्कूलमधून येणाऱ्या नव्या मुलांच्या सह्यांचे दिवस उलटत होते. नाव झळकल्यावर त्याच माणसाचा पगार वाढला, तर अफवेचं काम झालं असं समजावं.

मुलगा हायस्कूलमध्ये किकर (किक मारून गुण मिळवणारा खेळाडू) आहे. एका कॉलेजला त्याने तोंडी होकार दिलाय. कोच बदलला तर? (न्यू जर्सी)

तोंडी होकार दोघांनाही बांधत नाही. सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, सहसा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सही झाली नसेल तर नवा कोच येईपर्यंत थांबा आणि इतर कॉलेजांशी बोलणी मोडू नका.

सही झाली असेल तर सुटका काय अटींवर मिळते, ते लेखी मागा. संघात असलेल्या खेळाडूंसाठी सध्याचा नियम असा: नव्या कोचची नेमणूक झाल्यावर पाच दिवसांनी ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) १५ दिवस उघडतं. मात्र नाव घातलं की जुन्या जागेची शिष्यवृत्ती परत मिळेल, याची हमी नसते.

किकरचा मामला आणखी नाजूक आहे. उत्पन्नवाटपाची (खेळाडूंना कॉलेजने थेट पैसे देण्याची) नवी पद्धत स्वीकारलेल्या कॉलेजांत फुटबॉलचा संघ १०५ जणांचा, त्यात किकर दोन, फार तर तीन. नवा कोच बऱ्याचदा आधीच्या संघातला तयार किकर पोर्टलमधून सोबत आणतो. म्हणून मुख्य कोचपेक्षा स्पेशल टीम्सचा (किकचे डाव सांभाळणारा) कोऑर्डिनेटर राहतोय की जातोय, हे आधी विचारा. त्याला तीन प्रश्न करा: शिष्यवृत्ती कागदावर आहे का, किती वर्षांची, आणि पोर्टलमधून किकर बघताय का. तिसऱ्याला गोलमोल उत्तर आलं तर दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी फोन करा.