‘शुगर’ हा शब्द ‘शर्करा’वरून आला का? मग ‘जॅगरी’ कुठला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इंग्रजी ‘शुगर’ आपल्या ‘शर्करा’वरून आलाय हे खरं का, आणि मग गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ असा भलताच शब्द का? पहिल्याचं उत्तर हो. आणि जॅगरी भलता नाही, तीसुद्धा शर्कराच आहे.

मी करवीर तालुक्यातला, घरचा ऊस. शर्करेचा मूळ अर्थ मला काकवीच्या बरणीत कळला. संस्कृतात शर्करा म्हणजे बारीक खडे, रेव. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी काही महिने तशीच ठेवली की तळाला साखर धरते. पळी घातली की खाली करकर वाजतं. बोटावर घेऊन उजेडात धरलं तर पिवळसर, कोनदार कण दिसतात, अगदी नदीच्या वाळूसारखे. रसातून असे खडे ज्यांनी पहिल्यांदा काढले, त्यांना रेतीचाच शब्द सुचावा यात मला नवल वाटत नाही.

पुढं प्राकृतात ‘सक्कर’ झालं, त्यातूनच आपली साखर. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. अरबांनी सिसिली आणि स्पेनमध्ये ऊस लावला, त्याच्याबरोबर शब्दही युरोपात गेला. फ्रेंचांनी ‘सुक्र’ केलं आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. ग्रीकांनी त्याच्या कितीतरी आधी ‘साक्खारॉन’ म्हणून तो उचलला होता. १८७९ साली सापडलेल्या सॅकरीनचं, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड पदार्थाचं, नाव त्या वाटेनं आलंय. कँडी मात्र आपल्या ‘खंड’ची लेक, खांडसरीची बहीण.

एक गैरसमज हमखास ऐकू येतो, की शुगरमधला ‘श’ म्हणजे शर्करेचा ‘श’. तसं नाही. अरबी आणि फ्रेंचमधून येताना तिथं ‘स’च होता. इंग्रजीत ‘स्यू’ असा उच्चार होऊ लागला आणि त्याचा ‘शु’ झाला. ‘शुअर’चंही तसंच. म्हणून दोन्हींचं स्पेलिंग अजून ‘एस’नं सुरू होतं.

आता जॅगरी. निपाणीच्या पुढं गेलात की कन्नडमध्ये साखरेला ‘सक्करे’ म्हणतात, मल्याळममध्ये गुळाला ‘चक्करा’. दोन्ही शर्करेतूनच आलेले. पोर्तुगीजांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावर हा शब्द ऐकला, आपल्या जिभेला जमेल तसा वळवला आणि पुढं इंग्रजांनी त्याचं जॅगरी केलं. आमच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नोंदीत नाव आहे ‘कोल्हापूर जॅगरी’. ते वाचताना मला परकं वाटत नाही, ते यामुळं.

आजचे अर्थ म्हणाल, तर इंग्रजीत शुगर म्हणजे साखर, रसायनशास्त्रात ग्लुकोज-लॅक्टोजची सगळी जात, आणि लाडानं मारलेली हाकही. आमच्याकडं मात्र ‘शुगर निघाली’ म्हणजे मधुमेह. माझ्या वडिलांना शुगर निघाली तेव्हा त्यांनी साखर सोडली आणि जॅगरी चालते म्हणून दिवसातून चार वेळा गुळाचा चहा सुरू केला. गुळातही बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरच, असतं, हे त्यांना पटवायला मला सहा महिने लागले. घरात कुणी तसंच करत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.