गावरान कोंबड्यांची पिसं गळतायत, ५ कोंबड्या आणि १ कोंबडा आहे, काय करू?

आधी पिसं कुठली गेलीत ते बघा, त्यावरच सगळं कळतं. डोक्या-मानेपासून सुरू होऊन खाली शेपटीपर्यंत गळत असतील, अंडी बंद झाली असतील आणि कातडीतून बारीक काड्यांसारखी नवी पिसं टोचायला लागली असतील तर कोंबडी कात टाकतेय, औषध काही नको, २-३ महिन्यांत आपोआप भरून येतं. फक्त खायला चांगलं घाला, पिसं म्हणजे बहुतेक प्रोटीनच असतं, आमच्याकडे तेव्हा शेंगदाणा पेंड आणि धुऊन मीठ काढलेली सुकट देतात. खुडूक कोंबडी पोटाची पिसं स्वतःच उपटते, तिची काळजी नको.

नुसती पाठ उघडी पडली असेल तर तुमचा कोंबडाच कारण! ५ कोंबड्यांना एक म्हणजे जरा जास्तच होतं, ८-१० तरी हव्यात, तोवर त्याला वेगळा ठेवा.

शेपटीखाली पिसं विस्कटलीत, मुळाशी पांढरे पुंजके दिसतायत? मग उवा. पण रक्त पिणारे लाल किडे वेगळे, ते दिवसा सहसा अंगावर सापडत नाहीत, फटीत लपतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीखाली बोट फिरवा, रक्ताचे डाग लागले की समजायचं. खुराडं पूर्ण रिकामं करून घासा, फटींवर गरम पाणी ओता, कोरड्या मातीत राख मिसळून लोळायला द्या. औषध डॉक्टरांना विचारूनच, किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा, शेतातलं कीटकनाशक तर अजिबात मारू नका.

एकमेकींना टोचत असतील तर बहुधा जागा कमी पडतेय, आणि रक्त आलेली आधी बाजूला काढा, लाल दिसलं की बाकीच्या तुटून पडतात.