विजेच्या वायरिंगमधून मागच्या खोलीत वायफाय नेता येतं का?

फोंड्याजवळचं जुनं चिऱ्याचं घर, राउटर पुढच्या सोप्यावर, राजांगणापलीकडच्या खोलीत वायफाय नाही, आणि भिंत फोडायची नाही. तुमच्यासारख्या घरात पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर, म्हणजे दोन सॉकेटमध्ये लावून विजेच्या तारेतूनच नेट नेणारी जोडी, चालू शकतो. दीड-दोन फुटी चिऱ्याच्या दोन-तीन भिंती ओलांडायच्या तर साधा रिपीटरही (वायफाय पकडून पुढे फेकणारं यंत्र) दमतो. पण पॉवरलाइनचं यश वायरिंगवर ठरतं, म्हणून खरेदीआधी मीटरजवळचा बोर्ड बघा.

घरात थ्री-फेज असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर हवीत. वायरमनला एकेक फेज बंद करायला सांगा. दोन्ही सॉकेट एकदमच बंद पडली की फेज एक. वेगळ्या फेजवरही कधीकधी सिग्नल झिरपतो, पण त्या भरवशावर पैसे घालू नका. मागची खोली वेगळ्या मीटरवर असेल तर हा नाद सोडा.

इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढलेली असते, हे बरेच जण विसरतात. राउटर इन्व्हर्टरवर आणि दुसरं टोक थेट लाइनवर असेल तर सिग्नलला इन्व्हर्टरमधून जावं लागतं आणि तो तिथेच अडकतो. दोन्ही टोकं इन्व्हर्टरच्या लाइनवरच ठेवा, म्हणजे वीज गेल्यावरही नेट चालेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर तेव्हा वेग पडू शकतो.

घेताना होमप्लग एव्ही२ (पॉवरलाइनचं एक मानक) आणि गिगाबिट पोर्ट असलेली जोडी घ्या. दुसऱ्या टोकाचा नग वायफायवाला असावा. खोक्यावरचा ६०० किंवा १००० (एमबीपीएस) हा कागदी वेग आहे. प्रत्यक्षात त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. ६००वाल्या बऱ्याच नगांना पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो, म्हणजे ९५च्या वर काही येणार नाही. १०००च्या वरचे मॉडेल अर्थिंगची तारही वापरतात. जुन्या दोन-पिनी सॉकेटला अर्थिंगच नसेल तर तो जादा पैसा वाया. जी.एचएन या दुसऱ्या मानकाचे नग होमप्लगशी बोलत नाहीत, त्यामुळे जोडी एकाच जातीची घ्या.

दोन्ही नग आधी एकाच खोलीत लावा. एकाचं पेअर बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. ही पायरी टाळू नका, कारण कारखान्यातून सगळ्यांची किल्ली (सिग्नल कुलूपबंद करणारा गुप्त कोड) सारखीच येते, आणि फ्लॅटमध्ये सिग्नल शेजाऱ्याच्या वायरिंगपर्यंत जाऊ शकतो. मग पहिला नग राउटरच्या लॅन पोर्टला कॅट५ई केबलने जोडा आणि दुसरा मागे न्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड राउटरचाच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल मात्र वेगळा: राउटर १वर असेल तर इथे ६ किंवा ११. मागे जुना राउटर लावणार असाल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) बंद करा, आयपी १९२.१६८.१.२ असा द्या (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असल्यास) आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा, वॅनला (बाहेरच्या इंटरनेटचा पोर्ट) नको.

नग थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा. स्पाइक गार्डमधला फिल्टर हा सिग्नल गोंगाट समजून गिळतो. तरीही वेग पडला तर विंडोज लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ping 192.168.1.1 -t (राउटरकडून उत्तर यायला लागणारा वेळ सतत दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून घरातली उपकरणं एकेक बंद करा. शेजारच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, बीएलडीसी पंखा हे नेहमीचे गुन्हेगार. कोणतं बंद केल्यावर वेळा स्थिर होतात ते लगेच दिसतं. काहीच फरक पडला नाही तर जंक्शन बॉक्समधले सैल, गंजलेले सांधे वायरमनकडून नीट करून घ्या. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरिंगला हा त्रास हमखास, आणि तिथे आगीचाही धोका असतो.

वेग फारच महत्त्वाचा असेल तर कौलांखालून, वाशांच्या कडेने कॅट६ ओढून घ्या. ती केबल पॉवरलाइनपेक्षा कधीही सरस, आणि भिंतही फोडावी लागत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की दोन्ही नग सॉकेटमधून उपसून ठेवा आणि त्यांच्या लॅन केबलही काढा. स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. स्पाइक गार्ड इथे लावता येत नाही, म्हणून मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या.