जीआरई व्हर्बल: शब्दांची यादी जरा बाजूला ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनीअरिंग, आता ठाण्याहून रोज महापेला नोकरी. अमेरिकेत पुढे शिकायला जाण्यासाठी जीआरई ही प्रवेश परीक्षा द्यायची आहे. सराव परीक्षेत क्वांट (गणित) १६५, व्हर्बल (इंग्रजी) १४५. शब्दांचं पाठांतर जोरात चालू आहे, तरी आकडा हलत नाही. क्लास लावू का?

आधी एक तपासून घे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, काही तर गुण बघतही नाहीत. तुझ्या यादीतल्या प्रत्येक विभागाची अट त्यांच्याच संकेतस्थळावर वाच. निम्म्यांना नकोच असेल तर उगाच जीव कशाला काढायचा? टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजी येतं का ते बघणाऱ्या परीक्षांचं प्रकरण वेगळं, त्यांच्याऐवजी जीआरईचे गुण चालत नाहीत.

द्यायचीच असेल तर ऐक. मीही नौपाड्यातल्या मराठी शाळेतलीच. इकडे मिनेसोटात आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच मुलांची व्हर्बलची तयारी जवळून बघितली. सगळ्यांना वाटतं की शब्द कमी पडतात. पूर्वी त्यात तथ्य होतं, कारण विरुद्धार्थी शब्द थेट विचारायचे. ते प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये गेले. आता शब्द वाक्यातच येतो आणि कोणता हवा ते बहुतेक वेळा वाक्यच सांगतं.

मराठीतच बघ. ‘भाषणात ते कमालीचे ____ असले, तरी त्यांचं लेखन मात्र आटोपशीर असे.’ पर्याय न बघताच ‘पाल्हाळिक’ सुचलं ना? ‘तरी’ आणि ‘आटोपशीर’ या दोघांनी ते सुचवलं. इंग्रजीतही हेच करायचं. पर्यायांकडे न बघता ‘ऑल्दो’, ‘येट’, ‘फार फ्रॉम’ असलं काही आहे का ते शोध, मनात एखादा साधा शब्द धर (मराठी असला तरी चालेल) आणि मगच पर्याय वाच. दोन-तीन रिकाम्या जागा असतील तर जी सोपी वाटेल ती आधी भर. मात्र सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतो. वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन पर्याय सहातून निवडायचे असतात तिथे वाक्यात छान बसणारा पण जोडीदारच नसलेला एखादा शब्द भेटतो. त्याच्या मोहात पडू नकोस.

यादी पूर्ण टाकून दे असं म्हणत नाही. रोज थोडे शब्द कर, पण वाक्यासकट. आणि ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा. ‘क्वालिफाय’ म्हणजे आपल्याला पात्र ठरणं माहीत. उताऱ्यात मात्र तो विधानाला मर्यादा घालण्याच्या अर्थानेही येतो.

खरी मेहनत उताऱ्यांवर घे, कारण व्हर्बलचे जवळजवळ निम्मे प्रश्न तिथले. आपण इंजिनीअर मंडळी माहिती गोळा करत वाचतो. इथे लेखक कुठे मान्य करतो, कुठे उलटतो आणि शेवटी कशावर ठाम राहतो एवढंच हवं असतं. ही सवय मराठीतून लाव. अग्रलेख घे आणि ‘हे खरे असले तरी’च्या आधीचं म्हणणं कोणाचं, नंतरचं कोणाचं, ते पेन्सिलने वेगळं कर. आठवडाभराने तेच इंग्रजी लेखांवर, तेही तुझ्या विषयाबाहेरच्या: कलेचा इतिहास, जीवशास्त्र, समाजशास्त्र. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटणाऱ्या पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं तर घणसोलीपर्यंत एक लेख होतो. उभं राहावं लागलं तर वाचलेल्या लेखाचा मुद्दा मनातल्या मनात दोन वाक्यांत मांड. सराव तोच. उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. विषय तुला माहीत असला की उलट जास्त चुका होतात.

वेळेचं गणित कडक आहे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा लहान झाली. व्हर्बलच्या पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जा. त्याच भागात असेपर्यंत परत येता येतं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.

क्लास व्हर्बलसाठी तरी नको. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्याच दोन पॉवरप्रेप सराव परीक्षा फुकट आहेत. एक आत्ता दे, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेव. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली शब्द अडला, वाक्य अडलं की घाई झाली, ते लिही. माझा अंदाज, ‘वाक्य’ हेच जास्त वेळा लिहावं लागेल.

घरून परीक्षा देता येते, पण खोलीत तू एकटीच हवीस, दार बंद हवं आणि कच्च्या कामाला साधा कागद चालत नाही. वन बीएचकेत दुपारी बेल वाजायची थांबत नाही, तेव्हा केंद्रच बरं. पुन्हा द्यायची वेळ आली तर मध्ये २१ दिवस जावे लागतात. बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते, म्हणून पहिली तारीख सप्टेंबरमधली घे.