'जनुकाची भूमिका' की 'जनुकाचे कार्य'?

प्रश्न असा आहे: एका विज्ञानलेखाचे शीर्षक 'उंदरांमधील डीएनए-दुरुस्ती विकराच्या जनुकाची भूमिका' असे होते (विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन). संपादनात 'भूमिका' खोडून 'कार्य' केले गेले. यांतले बरोबर कोणते? लेख ओजीजी१ या जनुकाविषयी आहे, हेही प्रश्नकर्तीने कळवले आहे. ते फार बरे झाले, कारण जनुक कोणते हे ठाऊक असले की दोन्ही शब्द कुठे तोकडे पडतात ते दाखवता येते.

आधी 'भूमिका'. मराठीत नट भूमिका करतो, वठवतो, साकारतो. पक्ष किंवा संस्था भूमिका घेते, मांडते, बदलते. बजावायची असते ती कामगिरी, कर्तव्य, नाहीतर नोटीस. म्हणून 'जनुक महत्त्वाची भूमिका बजावते' हे वाक्य मला दुहेरी खटकते: क्रियापद परके आहे, आणि ज्याला काही ठरवता येत नाही त्याच्याकडे भूमिका दिली आहे. अर्थात शब्द रुळला आहे, वाचकाला कळतोही. त्याच्यावर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. या एका शब्दाच्या आड तीन निरनिराळे प्रश्न लपतात: काम काय, त्यातला वाटा किती, आणि परिणाम काय.

कामाचे उत्तर सर्वांत सोपे. डीएनएच्या साखळीतली चार 'अक्षरे' म्हणजे चार बेस: अ‍ॅडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी). त्यांपैकी ग्वानिनचे ऑक्सिडीकरण सर्वांत सहज होते. पेशीच्या रोजच्या श्वसनातून निघणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू त्याला पुरेसे असतात. त्यातून तयार होणारे ८-ऑक्सोग्वानिन फसवे आहे. ग्वानिनची जोडी सायटोसिनशी जमायला हवी, पण हे अ‍ॅडेनिनशीही जमवून घेते, आणि पुढच्या प्रतींमध्ये जी-सी जोडीच्या जागी टी-ए जोडी बसते. ओजीजी१ विकर हा बिघडलेला बेस ओळखून साखळीतून तोडून काढते. रिकामी जागा कापणे, भरणे आणि सांधणे ही पुढची कामे दुसरी विकरे करतात. याला 'कार्य' म्हणणे अगदी योग्य, मात्र ते विकराचे कार्य आहे. जनुकात ते विकर घडवण्याची माहिती असते. 'जनुकाचे कार्य' असे सैल बोलणे संभाषणात चालेल, शीर्षकात मी टाळीन.

आता वाटा. तो मोजायचा तर जनुक निकामी करून काय होते ते पाहावे लागते. उंदरांमध्ये हवे तेच जनुक निकामी करण्याची वाट मारिओ कापेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामामुळे खुली झाली, आणि त्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत अशा उंदरांना सर्रास 'नॉकआउट उंदीर' म्हणतात. लिहिताना 'जनुक निकामी केलेले उंदीर' हे लांब असले तरी चटकन कळते.

ओजीजी१ निकामी केलेल्या उंदरांचा अहवाल १९९९ मध्ये आला. इतके नेमके काम करणारे विकर गेले म्हणजे अनर्थच होईल, असे वाटते. तसे झाले नाही. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. यकृतातल्या डीएनएत ८-ऑक्सोग्वानिन साठत गेले, उत्परिवर्तनेही (डीएनएच्या अक्षरांतले कायमचे बदल) वाढली, पण माफक. पुढे २००३ मधल्या एका अभ्यासात दीड वर्षाच्या, म्हणजे वयस्क, उंदरांच्या फुप्फुसांत गाठी आढळल्या. खरा फरक दिसला तो म्यूटवायएच हे दुसरे जनुकही सोबत निकामी केल्यावर. त्याचे विकर ८-ऑक्सोग्वानिनसमोर चुकून बसलेले अ‍ॅडेनिन काढते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही जनुके गमावलेल्या उंदरांना फुप्फुसांच्या व अंडाशयाच्या गाठी आणि लसिका-अर्बुदे (लिम्फोमा) झाली. एक विकर गेले तरी सावरणारे दुसरे होते, दोन्ही गेल्यावर कोणी उरले नाही. हे सांगायला मराठीत 'वाटा' हा नेमका शब्द आहे. तो मोठा, लहान, एकट्याचा, सामाईक असू शकतो. 'महत्त्वाची भूमिका' म्हटले की हे सगळे बारकावे पुसले जातात.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक विकारात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती एका जनुकात प्रमाणाबाहेर वाढलेली असते, आणि शरीराच्या काही पेशींत ती वयाबरोबर आणखी लांबत जाते. या विकाराचे जनुक बसवलेल्या उंदरांवर २००७ मध्ये झालेल्या कामात दिसले की, ओजीजी१ नसेल तर हे लांबणे बऱ्याच उंदरांत थांबते किंवा मंदावते. बिघडलेला बेस काढल्यावर ती जागा भरताना जादा पुनरावृत्ती आत शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे विकर आपले नेहमीचेच काम करते, तरी त्या जागी नुकसान होते. कार्य तेच, परिणाम उलटा! इथे 'कार्य' लिहिले तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखे होते, आणि 'दुरुस्ती' या चांगल्या अर्थाच्या शब्दामुळे वाचक आणखी चकतो.

म्हणून शब्द लेखातल्या मजकुरावरून ठरवावा. लेख रसायनक्रियेपुरता असेल तर 'उंदरांमधील ओजीजी१ विकराचे कार्य'. निकामी जनुकाच्या उंदरांना कर्करोग होतो का, हा विषय असेल तर 'उंदरांमधील कर्करोग रोखण्यात ओजीजी१ जनुकाचा वाटा'. हंटिंग्टनचे उंदीर असतील तर सरळ 'ओजीजी१ जनुक नसलेल्या उंदरांत काय घडते'. हे तिसरे शीर्षक मला सर्वांत आवडते, कारण प्रयोगात जे केले तेच त्यात आहे.

'उंदरांमधील' किंवा 'उंदरांत' हा शब्द मात्र कोणत्याही शीर्षकातून गाळू नका. रोमन लिपीत माणसाच्या जनुकाचे चिन्ह सगळ्या मोठ्या अक्षरांत आणि उंदराच्या जनुकाचे फक्त पहिले अक्षर मोठे, असा संकेत आहे, त्यामुळे जाणकाराला एका नजरेत फरक कळतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरे नाहीत. 'ओजीजी१' दोन्हीकडे सारखेच दिसते, तेव्हा पहिल्या उल्लेखात 'उंदरातले' किंवा 'माणसातले' असे स्पष्ट लिहावेच लागते.