विचारा, ताई सांगतील: डोंगल कुठे लावणार?

प्रश्न : शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नातवंडं पुण्याला, व्हिडिओ कॉल रोजचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा आयपॅड मिनी जाहीर झाला, जावई म्हणतात तोच घ्या. मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात म्हणून टॅबलेट हवा आहे. ४९,९०० रुपये घालू का?
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : नको, बाई. मिनीचा पडदा ८.३ इंचांचा आहे. डोळ्यांसाठी म्हणून घेणार असाल तर मोबाइलवरून फार लांब गेल्यासारखं वाटणार नाही. त्याच कंपनीचा साधा आयपॅड जवळपास ११ इंचांचा आहे आणि मिनीपेक्षा स्वस्त मिळतो. चिप मिनीपेक्षा जुनी आहे, पण व्हिडिओ कॉल, वर्तमानपत्र आणि कीर्तनं यांना तेवढं पुरे. राहिलेल्या पैशांत उभा धरणारं चांगलं कव्हर घ्या. टॅबलेट डब्याला टेकवून बोलायची सगळ्यांना सवय असते, आणि तो पडतो.

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोडला आमचा चादरींचा कारखाना आहे. डिझाइन रूममधला डेस्कटॉप सात वर्षांचा, सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा, विंडोज १०. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा मॅक मिनी जाहीर केल्यापासून मुलगा मागे लागलाय, की जुना डबा काढा, मॅक मिनी आणि आयपॅड मिनी दोन्ही घ्या. सगळे त्याची तारीफच करतायत म्हणतो. काय करू?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : दादा, तुमच्या पोराचं म्हणणं खोटं नाही. आधीच्या मॅक मिनीत ५९,९०० रुपयांत ८ जीबी रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, मिळायची, नवा आला तेव्हा त्याच पैशांत १६ जीबी मिळाली. एम४ चिप आहे. सगळं यंत्र ५ इंच बाय ५ इंच, तळहातावर मावेल एवढं. लोक नाराज झाले ते पॉवरच्या बटणावर, ते तळाच्या बाजूला दिलंय म्हणून. त्याचं मला एवढं काही वाटत नाही.

मला काळजी आहे तुमच्या डोंगलची. डिझाइन रूममधल्या डेस्कटॉपला मागे पेन ड्राइव्हसारखी एक छोटी वस्तू खोचलेली असेल, तेच डोंगल, सॉफ्टवेअरची किल्ली. ते आज बघून घ्या. जकार्डची, म्हणजे कार्डावरून नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाइन करायची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात, आणि ती डोंगल ओळखल्याशिवाय उघडत नाहीत. नव्या मॅक मिनीला पुढे दोन, मागे तीन असे यूएसबी पोर्ट आहेत, पण सगळे नव्या, बारक्या टाइप-सी तोंडाचे. जुनं रुंद तोंडाचं डोंगल सरळ बसत नाही. अडॅप्टर लावला तरी आत विंडोज नाही. ॲपलच्या चिपवर विंडोज आडवाटेने चालवता येतं, पण त्यावर डोंगल चालेलच याची हमी कुणी देणार नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपया काढू नका.

मी हे जीव तोडून सांगते, कारण माझे वडील कार्डं टोचायचे. भवानी पेठेत आमच्या बाहेरच्या खोलीत ग्राफचा मोठा कागद भिंतीला लावलेला असे, मोराच्या पिसाऱ्याचा एकेक चौकोन लाल पेन्सिलीने भरलेला. तो वाचत वाचत ते पुठ्ठ्यावर भोकं पाडत. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एक भोक चुकलं, की चादरीत मोराची मान तुटलेली. असा माग, म्हणजेच जकार्ड, जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बनवला. पुढे इंग्लंडात बॅबेज या गणितज्ञाने गणिती यंत्र योजलं, तेव्हा त्याला आज्ञा देण्यासाठी हीच कार्डाची कल्पना उचलली. कॉम्प्युटर आपल्या मागाचाच वंशज आहे, दादा. म्हणून तो मागाच्या कामाला येतोय का, एवढं आधी बघायचं.

दुसरी गोष्ट तूस, मागावर उडणारा सुताचा बारीक कचरा. नवी पेठेत बावीस वर्षं मी मशिनं उघडतेय. कारखान्यातून आलेला डेस्कटॉप उघडला, की पंख्यावर नमद्यासारखा पांढरा थर निघतो, बोटाने सोलून काढावा लागतो. मॅक मिनी हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो ती तळातूनच, म्हणजे टेबलावर साचलेल्या तुसाला चिकटूनच. आणि बाजूची झाकणी स्क्रूने काढून ब्रशने झाडावं, असं ते यंत्र नाही. रॅमही चिपमध्येच असते, नंतर वाढवता येत नाही. मी स्वतः एकदा रॅम न वाढणारं मशिन घरी घेतलं होतं. तीन वर्षांत ते रांगायला लागलं आणि माझ्या हाती काही उरलं नाही. दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त करणारी मी, स्वतःच्या मशिनपुढे हात टेकले, हे अजून बोचतं.

तेव्हा तुम्ही विंडोज ११ चा टॉवर डेस्कटॉप घ्या. १६ जीबी रॅम, वाढवायला एक मोकळा स्लॉट, साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी. जुन्याचं आयुष्य तसंही संपत आलंय. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर मागते. सोबत यूपीएस घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की लाइट कशी जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. शक्य असेल तर डिझाइन रूमचं दार मागाच्या शेडकडे उघडं ठेवू नका.

आयपॅडचं मात्र मुलाचं ऐका, थोडं बदलून. हाताने नक्षी काढायला आयपॅडच्या पेन्सिलीसारखं दुसरं काही नाही. पण मिनी ४९,९०० आणि त्याला चालणारी प्रो पेन्सिल ११,९०० धरली तर ६१,८०० होतात, आणि ८.३ इंचांवर चादरीची अख्खी किनार दिसत नाही. व्यापाऱ्याला रंगांचे नमुने दाखवायला मिनी छान, नक्षी काढायला मोठा पडदा. मुलगा खरंच रोज काढतो का, हे महिनाभर कागदावर बघा. काढत असेल तर दोघं मिळून दुकानात जा, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि एक कोयरी काढायला सांगा.

जुना डेस्कटॉप हलवण्याआधी डोंगल स्वतःच्या हाताने काढा, चिठ्ठी लावून कपाटात कुलपात ठेवा. कचऱ्यात गेलेलं डोंगल शोधत दोन कारखानदार माझ्याकडे आलेत, आणि दोघांनाही सॉफ्टवेअर नव्याने घ्यावं लागलं.