एआयमुळे इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम संपेल का?

संपलेलं नाही, पण बदललंय आणि पैसे घटलेत. २०१७ मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीसाठी न्यूरल तंत्र (तुकड्यांऐवजी अख्खं वाक्य एकदम पाहून भाषांतर करणारं) आलं, तेव्हा आम्ही भाषांतरकार त्याच्या चुका एकमेकांना पाठवून हसायचो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हळूहळू हसू ओसरलं. आता मला काम देणारी एजन्सी नुसता इंग्रजी मजकूर क्वचितच पाठवते. यंत्राचा मसुदा येतो, 'फक्त नजर टाका' म्हणतात, आणि दर निम्मा.

ही 'नजर' म्हणजे काय? परवा एका औषधाच्या माहितीपत्रकात पहिल्या ओळीत 'तुम्ही', तिसरीत 'आपण' आणि शेवटी थेट 'तू'! इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे हा घोळ. बाकी वाक्यं इतकी गुळगुळीत की 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं तरी डोळा पुढे सरकतो. पूर्वीच्या ओबडधोबड मसुद्यात चूक निदान बोचायची तरी.

नव्याने या क्षेत्रात येत असाल तर औषधं, कायदा असे विषय धरा, तिथे चुकांची जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. आणि दर शब्दावर नको, तासावर मागा. (मी मागितला. काम देणाऱ्यांपैकी एकाने दिला, दोघांनी फोन उचलणं सोडलं.)